लागोसला गेलेले दोन फोन

आमच्या कारखान्यात एक गृहस्थ रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायचे. ओव्हरऑलच्या वरच्या खिशात औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली असायची, तिच्यात मीठ. झाकण उघडायचं, चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटून क्षणभर उभं राहायचं आणि मग टूलबॉक्सकडे वळायचं. नव्याने आलेल्या सेफ्टी ऑफिसर बाईंना वाटलं, हे काहीतरी भलतंच घेतात. त्यांनी बाटली मागितली. यांनी शांतपणे बाईंच्या तळहातावर थोडं मीठ ओतलं आणि म्हणाले, चाखून बघा. बाईंनी चाखेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

ईस्ट टामाकीच्या औद्योगिक वसाहतीत आइस्क्रीमचे आणि रंगाचे प्लास्टिकचे डबे बनवणारा तो कारखाना. मी क्वालिटीला होतो, पुण्याहून या देशात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. ते मेंटेनन्सचे प्रमुख. नायजेरियाचे, त्यातही इग्बो जमातीचे, आणि ही दुसरी ओळख ते आधी सांगत. साठी ओलांडलेली, उंच, हाडकुळे, ओव्हरऑलला कडक इस्त्री. सगळे त्यांना चीफ म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो. मशीन कुरकुरायला लागलं की ते एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेत. त्याचं टोक बेअरिंगला टेकवत, मूठ कानाला लावत आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प करत. मी लॅपटॉप घेऊन धावलो की म्हणत, "तू आधी बघतोस. आधी ऐक."

दाराकडे पाठ करून ते कधी बसत नसत. जेवत तर उभ्यानेच. स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुट्टीच्या वेळी आम्ही सगळे टेबलाभोवती आणि हे खिडकीपाशी डबा हातात धरून उभे. मी एकदा खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, बसून जेवणाऱ्याला उठायला वेळ लागतो. कशासाठी उठायचं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी फ्लॅट बुशला राहायचो, ते दोन रस्ते पलीकडे. माझ्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे पहिलं दीड वर्ष त्यांनीच मला नेलं-आणलं. पुढे गाडी घेतली तरी ती बायकोला, मानसीला हॉस्पिटलात कामाला जायला लागायची, म्हणून तीच सोय चालू राहिली. वाटेत टुंडे चढायचा. टुंडे डिस्पॅचला होता. तोही नायजेरियाचाच, पण योरुबा जमातीचा, वयाने चीफपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अंगाने सुटलेला, सतत चर्चमधली गाणी गुणगुणणारा. तो पुढच्या सीटवर, मी मागे. दोघांची पंधरा वर्षांची मैत्री. चीफच्या बायकोला कॅन्सर झाला आणि ती गेली, त्यानंतर तीन महिने टुंडे स्वतःचं घर सोडून यांच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपला होता. हे मला टुंडेने नाही, चीफनी सांगितलं.

गाडीत रोज भांडण. चीफ म्हणायचे, योरुबांच्या रश्श्यात भाजी शोधायला पोहावं लागतं, इतकं तेल. टुंडे म्हणायचा, इग्बो माणूस तेल वाचवतो आणि बाजारात विकतो. मला दोघंही पंच करायचे. मी त्यांना आमच्याकडच्या कोल्हापूर आणि नागपूरच्या रश्श्यांबद्दल सांगितलं, तर दोघांनाही फार आनंद झाला.

एकदा मोटरवेवर गर्दीत अडकलो असताना चीफनी आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, तुमच्या गावात बाहेरचा कोण? मी म्हणालो, आमच्याकडे सगळे मिळून राहतात. ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. मी ठाण्यात वाढलो. कॉलेजात असताना माझा चुलतभाऊ आणि त्याचे मित्र स्टेशनवर गेले होते, उत्तरेकडून नोकरीच्या परीक्षेला आलेल्या मुलांना पिटाळायला. मी आत गेलो नाही. बाहेर त्यांच्या मोटारसायकली सांभाळत उभा राहिलो. एक मुलगा माझ्या समोरून पळत गेला, कपाळ फुटलेलं, हातात प्रवेशपत्र. मी त्याला थांबवलं नाही आणि त्याला वाटही दाखवली नाही. घरी काकूने सगळ्यांना चहा दिला होता. हे मी चीफना सांगायला हवं होतं. मोटरवेवर वेळही भरपूर होता.

मतदान हा त्यांचा विषय. इथे कायमचा परवाना असला आणि सलग वर्षभर राहून झालं की नागरिक नसलेल्यालाही मत देता येतं. माझं वर्ष भरल्याचं त्यांच्याच लक्षात होतं. मतदानाच्या शनिवारी ते माझ्या दारात उभे राहिले ते सोनेरी सिंहांची तोंडं विणलेला काळा मखमली अंगरखा घालून, डोक्यावर लाल टोपी. मी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि हाफ पँटमध्ये. त्यांनी मला परत आत पाठवलं, शर्ट-पँट घालून ये म्हणाले. शाळेच्या हॉलबाहेर सॉसेज भाजत होते, कुत्री हिंडत होती. टेबलामागच्या बाईने 'किया ओरा' म्हणत नमस्कार केला, म्हणाली, काय सुंदर शर्ट आहे तुमचा. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. चीफ थोडे हिरमुसले होते. म्हणाले, "इथं कुणी अडवतच नाही. अडवल्याशिवाय कळायचं कसं, की आपण काहीतरी घेऊन चाललोय?"

परतताना त्यांनी गाडी डेअरीपाशी थांबवली, दूध घेतलं आणि गाडीत बसल्यावर किल्ली न फिरवताच बोलायला लागले. ते सात वर्षांचे असताना त्यांच्या भागाने नायजेरियातून फुटून बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. युद्ध झालं, नाकेबंदी झाली, बाहेरून अन्न येईना, मीठ तर मिळेचना. आईने लग्नातलं वस्त्र देऊन पेलाभर मीठ आणलं होतं. धाकटा भाऊ पोट फुगून गेला. युद्धाच्या शेवटच्या वर्षी बहीण जन्मली, इफेओमा. आईच्या अंगात त्राण नव्हतं. विमानांचा आवाज आला की तान्ह्या इफेओमाला पाठीला बांधून रानात पळायचं काम यांचं. जेवताना आवाज आला तर हातातलं टाकून. युद्ध हरल्यावर वडील कुटुंबाला घेऊन पोटासाठी लागोसला गेले, योरुबांच्या शहरात. यांना शिक्षणासाठी मामाकडे पूर्वेलाच ठेवलं. इफेओमा लागोसमध्येच वाढली, तिथेच लग्न झालं, तिथेच तिचं कापडाचं दुकान.

"ती माझ्या पाठीवर लिहिलेली आहे," ते म्हणाले आणि गाडी चालू केली.

मग त्यांच्याकडची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. युद्धानंतर पहिल्यांदाच एक इग्बो उमेदवार खरोखर जिंकेल असं वातावरण होतं. दुसऱ्या बाजूला लागोसचा वजनदार योरुबा पुढारी, त्याचे लोक म्हणत होते आता आमची पाळी. तिसराही एक होता, उत्तरेचा, पण आमच्या गाडीत त्याची चर्चा नसे. परदेशात राहणाऱ्यांना मत नव्हतं. चीफनी रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फोन करून इफेओमाला मतदार कार्ड काढायला लावलं. म्हणाले, माझ्यासाठीही तीच उभी राहील.

गाडीतलं भांडण बदललं. तेलाचा आणि बाजाराचा विषय निघाला की आता कुणी हसत नव्हतं. चीफ म्हणायचे, देश आमच्याकडून डॉक्टर आणि दुकानदार मागतो, राष्ट्राध्यक्ष मागत नाही. टुंडे म्हणायचा, तुम्हाला देश तोडायचा होता, आता त्याच देशाची खुर्ची हवी. एका सकाळी चीफ म्हणाले, तुझ्या लोकांनी आम्हाला उपाशी मारलं. टुंडे खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी तेव्हा जन्मलोही नव्हतो." मी मागच्या सीटवर फोन बघत बसलो.

लागोस शहरात इग्बो उमेदवार पुढे गेला, देशात योरुबा उमेदवार जिंकल्याचं जाहीर झालं. हरलेले म्हणाले मतं चोरली. जिंकलेल्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच, आपल्याच शहरात आपण मागे कसे पडलो. काही आठवड्यांतच राज्याची निवडणूक होती. लागोसच्या बाजारांतून भोंगे फिरायला लागले, इग्बोंनी त्या दिवशी घरात बसावं.

टुंडेचा भाऊ इफेओमाच्याच भागात जिंकलेल्या पक्षाचं काम करायचा. मतदानाच्या आधीच्या मंगळवारी चीफनी गाडीत विषय काढला. आवाज अगदी साधा होता. म्हणाले, तुझ्या भावाला एक फोन कर, तिला सुखरूप मत देऊ दे. टुंडे म्हणाला, "तिला घरी बसायला सांगा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. लागोस आमचं घर आहे, चीफ. घराचा मालक कोण, हे पाहुण्यांनी ठरवायचं नसतं."

चीफनी गाडी तशीच चालवली. कारखान्यात लावली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. टुंडे उतरून गेला. दुसऱ्या दिवशी ते थेट माझ्याकडे आले आणि पुढचं दार उघडून दिलं. टुंडेच्या रस्त्याला आम्ही वळलो नाही. मी विचारलंही नाही. मुकाट्याने पुढे बसलो.

शनिवारी मानसीने त्यांना जेवायला बोलावलं, एकटे बसून राहतील म्हणून. मसालेभात केला होता, तो त्यांना आवडायचा. ताट घेऊन ओट्यापाशी उभे. साडेसातच्या सुमाराला त्यांनी लागोसला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. बोलणं इग्बोत. पलीकडचा आवाज हळू होता आणि पुन्हा पुन्हा 'देदे' म्हणत होता. देदे म्हणजे थोरला भाऊ, एवढं मला माहीत होतं. चीफ ऐकत राहिले. मग एकच शब्द म्हणाले आणि फोन ठेवला.

"ती नको म्हणतेय," त्यांनी आम्हाला सांगितलं. "काल बाजारात भोंगा आला होता. घाबरलीय. मी सांगितलं, जा."

मानसी म्हणाली, चीफ, राहू द्या ना, पुढच्या वेळी देईल मत. ते म्हणाले, माझ्या वडिलांनी त्या शहरात आयुष्य घातलं, तिने घातलं. आज ती घरात बसली तर ती पाहुणी ठरेल, मेलेले वडीलसुद्धा पाहुणे ठरतील. त्यांचा आवाज चढला नव्हता. मला म्हणावंसं वाटलं की तिला परत फोन करा. मी त्यांच्या ताटात भात वाढला.

सोफ्यावर आमची आठ वर्षांची मुलगी बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. तिने विचारलं, "इज शी गोइंग टु बी ओके?"

चीफ म्हणाले, "येस."

रविवारी सकाळी त्यांना भाच्याचा फोन आला. मतदानाचं टेबल समोर दिसत असताना काही जणांनी रांगेत घुसून इफेओमाच्या डोक्यात फळी घातली होती. नऊ दिवस ती बेशुद्ध होती. दहाव्या दिवशी गेली.

चीफनी एकही रजा घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचे कपडे घालून आले, मीठ जिभेवर ठेवलं, तीन नंबरच्या मशीनचा पंप उतरवला. टुंडे आणि त्याची बायको जेवण घेऊन त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी दार उघडलं नाही. संध्याकाळी मी गेलो तेव्हा झाकलेला ट्रे पायरीवर तसाच होता, त्याला मुंग्या लागलेल्या. मी तो उचलून कचऱ्यात टाकला, भांडं धुऊन टुंडेला परत दिलं. त्यानंतर कारखान्यात दोघांचं बोलणं कागदावर. पंपाचे सुटे भाग आले की टुंडे चिठ्ठी पाठवायचा, चीफ सही करून परत पाठवायचे.

दीडेक महिन्याने टुंडेने मला डिस्पॅचच्या मागे बोलावलं. रिकाम्या पॅलेट्सच्या थप्पीला टेकून तो उभा होता. म्हणाला, मला कुणाला तरी सांगायचंय, चीफना नाही सांगू शकत.

त्या मंगळवारी गाडीत तसं बोलून घरी गेल्यावर त्याला चैन पडलं नव्हतं. त्याने भावाला फोन केला होता. इफेओमाचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं, मतदानाला कुठे येईल ते सांगितलं, तिच्या केसाला धक्का लागू देऊ नको म्हणाला. भाऊ बरं म्हणाला.

"ती लागोसमध्ये वाढलेली," टुंडे म्हणाला. "तिची योरुबा माझ्या पोरांपेक्षा चांगली. शेकडो वेळा बोललोय मी तिच्याशी. बाहेरून आलेल्या त्या पोरांना ती इग्बो आहे हे कळलंच नसतं. रांगेत तिच्या मागे उभी असलेली बाई सांगते, कुणीतरी तिला नावाने हाक मारली. ती वळली. इफेओमा हे नाव योरुबा नाही."

त्याचा भाऊ म्हणत होता, मी दोनच पोरांना नाव दिलं, तिला सांभाळायला. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. हाक वाचवायला मारली की दाखवून द्यायला, हे टुंडेला कळत नव्हतं, आणि आता कधी कळणारही नव्हतं. तो रडला नाही. पॅलेटवरचं लेबल नखाने खरवडत राहिला. मग फोर्कलिफ्टवाल्याने त्याला हाक मारली आणि तो गेला.

मी ते चीफना सांगितलं नाही. रोज त्यांच्या शेजारी बसून कामावर जात होतो. कधी वाटायचं, मित्राने फोन केला होता हे त्यांना कळायला हवं. कधी वाटायचं, हे कळलं तर उरलेलंही जाईल. मानसी म्हणाली, तू न्यायाधीश नाहीस. मी म्हणालो, म्हणूनच गप्प आहे.

इफेओमाचा देह तोवर लागोसच्या शवागारात होता. दफन पूर्वेला, त्यांच्या मूळ गावी व्हायचं होतं. इथे थंडी पडली तेव्हा चीफना तीन आठवड्यांची रजा मिळाली. रविवारी दुपारचं विमान. मी त्यांना एअरपोर्टला सोडणार होतो. एकच सूटकेस. घराच्या खिडक्या त्यांनी स्वतः दोनदा तपासल्या. ते परत आले नाहीत. तीन आठवड्यांनी कारखान्यात त्यांचा राजीनामा आला, घर त्यांच्या मुलीने येऊन विकलं. पण त्या दिवशी मला तशी कल्पना नव्हती.

फ्लॅट बुशमधून बाहेर पडायच्या आतच त्यांनी विचारलं, "टुंडेने भावाला फोन केला होता का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्यांच्यासमोर एकदा बोललोही होतो. मी म्हणालो, "हो."

"तिचं नाव सांगितलं होतं?"

"हो."

पुढच्या सिग्नलला लाल दिवा लागला. ते म्हणाले, "तिला नावाने हाक मारली होती. भाच्याने सांगितलं मला." दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. "टुंडेकडे घे."

टुंडे नुकताच चर्चमधून आला होता. पांढरा घोळदार झगा, हातात गाडीची किल्ली. चीफना उतरताना बघून तो ड्राइव्हवेत थिजला. मग त्या थंड, ओल्या काँक्रीटवर सबंध आडवा झाला, छाती जमिनीला टेकवून. योरुबा लोक थोरल्यांना असं दंडवत घालतात. पन्नाशीचा जड माणूस, झग्याला चिखल लागलेला. बायको दारात येऊन थांबली.

चीफनी त्याला उठवलं नाही. त्याच्या डोक्यापाशी उभे राहून म्हणाले, "भावाला काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग."

टुंडे जमिनीकडे तोंड करून बोलला. "सांगितलं, इफेओमा नावाची बाई येईल. कापडाच्या दुकानाची. ती माझी बहीण आहे. तिला हात लावायचा नाही."

"परत सांग."

टुंडेने परत सांगितलं. चीफ मान किंचित कलती करून ऐकत होते. मग ते वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि गाडीत येऊन बसले. टुंडे उठला की नाही ते मी पाहिलं नाही.

एअरपोर्टला मी सूटकेस ट्रॉलीवर ठेवली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मला वाटलं आता निरोप घेतील.

"त्याने तिच्यासाठी एवढं बोलून ठेवलं होतं," ते म्हणाले. "मी नुसतं 'जा' म्हणालो."